कुत्र्याच्या आधी देवदूत होता

जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर पुष्कळ काही छापलेलं असतं. गायकाचं नाव, राग, कधी ताल, क्वचित पेटीवर कोण होतं तेही. कंपनीचं चित्र, मिनिटाला किती फेरे, नंबर, आणि गोल कडेने बारीक अक्षरांत दिलेला दम, की हिची नक्कल करू नका, परवानगीशिवाय चारचौघांत वाजवू नका. साल मात्र नसतं. नाण्यावर असतं, पुस्तकाच्या आतल्या पानावर असतं, देवळाच्या पायरीवर दात्याच्या नावापुढेही असतं. रेकॉर्डवाल्यांनी ते टाळलं. माझा कयास असा की हा शुद्ध व्यापारी शहाणपणा होता. गेल्या वर्षीचं साल वाचून गिऱ्हाईक म्हणणार, जुना माल आहे, नवीन काय आलंय ते दाखवा.

आता तोच जुना माल आम्ही शोधत फिरतो आणि ते न छापलेलं साल लेबलवरून काढायचा खटाटोप करतो. ठाण्यात राहणाऱ्याला या नादासाठी पूर्वी मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटपर्यंत जावं लागायचं. हल्ली माल चालत घरी येतो. नौपाडा, चरई, घंटाळी, विष्णुनगर, सगळीकडे तीन-तीन मजल्यांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात. घर रिकामं करायची तारीख ठरली की आधी माळा उतरतो. पितळेची भांडी मुली-सुना वाटून घेतात, शिसवी कपाटाला जुन्या फर्निचरवाला भेटतो, पुस्तकं रद्दीत जातात. रेकॉर्डना कुणी वाली नसतो. भंगारवाला हातात घेऊन वजन बघतो आणि मान हलवतो. मग कुणाला तरी आठवतं की पलीकडच्या गल्लीत एक जण या थाळ्या गोळा करतो म्हणे. फोन येतो, मी पिशव्या घेऊन जातो.

पिशवी उघडताना समोरचा माणूस हमखास एक वाक्य बोलतो: "कुत्र्याची आहे हो, म्हणजे शंभर वर्षांची असणार." लेबलवर एचएमव्हीचं ते कर्ण्यासमोर बसलेलं कुत्रं दिसलं की रेकॉर्ड पुरातन, हा समज इतका घट्ट आहे की तो मोडायला जीवावर येतं. पण कुत्रं सगळ्यात जुनं नाही. त्याच्या आधी देवदूत होता.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे पुढे जिला आपण एचएमव्ही म्हणू लागलो तिचा, फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात गाणी टिपत होता. गायिका गौहर जानचा आवाज तेव्हा पहिल्यांदा तबकडीवर गेला. टिपलेल्या मेणाच्या तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोवरला जायच्या आणि तिथून लाखेच्या रेकॉर्ड होऊन हिंदुस्थानात विकायला यायच्या. त्या काळच्या लेबलवर 'रिप्रोड्यूस्ड इन हॅनोवर' अशी ओळ सापडते. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते हॅनोवरच्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून, असं सांगतात. आणि लेबलवर मध्यभागी तबकडीवर बसून पिसाच्या लेखणीने तिच्यावर लिहिणारा पंखवाला देवदूत असतो. गाणं एकाच बाजूला. पाठीवर खाचा नाहीत, तिथेही तोच देवदूत उठावात दाबलेला. अशी प्लेट हातात आली तर तिला उलटी करून पाठीवर हळूच बोट फिरवायचं, इतकं मी प्रत्येकाला सांगतो. १९०८ मध्ये कंपनीने कलकत्त्यातच कारखाना काढला, आणि हॅनोवरची ओळ हळूहळू गेली.

कुत्रं, म्हणजे निपर, प्रत्यक्षात १८९५ मध्येच मेलं होतं. फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराने ते चित्र काढलं तेव्हा त्याच्यासमोर नळकांडीवर वाजणारा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं ते या अटीवर, की फोनोग्राफ खोडून आमचं यंत्र रंगवून दे. त्याने दिलं. मूळ चित्रात खालचा जुना फोनोग्राफ रंगाखालून अजून पुसट दिसतो. जाहिरातींत निपर लगेच आला, पण कंपनीच्या लेबलवर देवदूताला उठवून त्याची जागा घ्यायला १९०९ उजाडलं. म्हणजे कुत्रं एवढंच सांगतं की रेकॉर्ड १९०९ च्या पुढची आहे. पुढची किती, ते सांगत नाही; नंतरची सत्तर-ऐंशी वर्षं ते त्याच कर्ण्यासमोर बसून आहे.

गंमत म्हणजे हाच देवदूत पुढे एलपीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या मोठ्या तबकड्यांच्या, जमान्यात 'एंजल' लेबलवर परत आला. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या कितीतरी एलपी या लेबलवर निघाल्या. म्हणजे पंख दिसले म्हणून नाचायचं नाही. लाखेचा देवदूत आणि प्लॅस्टिकचा देवदूत यांत अर्ध्या शतकाचं अंतर आहे, आणि ते ओळखायला नखाने टिचकी मारली तरी पुरतं.

रंगाबद्दल. नवीन गोळा करणाऱ्यांना रंगाचं फार वेड असतं. लाल लेबल म्हणजे अमुक काळ, काळं म्हणजे तमुक, असे तक्ते फोनवर फिरत असतात. मी त्यांना फार मान देत नाही. मुळात रंग काळ सांगण्यासाठी नव्हताच, तो दर्जा आणि भाव सांगण्यासाठी होता. कंपनीने १९०१ मध्ये रशियात मोठ्या गायकांसाठी लाल लेबल काढलं आणि त्याची किंमत जास्त ठेवली. तेव्हापासून लाल म्हणजे बडा कलाकार, काळं किंवा जांभळट म्हणजे त्याखालचा, अशी उतरंड लागली. एकाच वर्षी, एकाच कारखान्यात चार रंग निघत होते. शिवाय माळ्यावर चाळीस उन्हाळे काढलेल्या लालाचा तपकिरी होतो, त्यावरून कुणी नवीन प्रकार शोधल्याचं जाहीर करतो, आणि आठवडाभर वाद चालतो.

त्यापेक्षा अक्षरं आणि आकडे खरे. अगदी जुन्या देशी रेकॉर्डवर नंबरच बोलतो: गाणारा पुरुष असेल तर बारा हजारांतला, बाई असेल तर तेरा हजारांतला. पुढे पद्धत बदलली आणि नंबराआधी अक्षरं आली. चाळीस-पन्नासच्या दशकांत एचएमव्हीचं 'एन', कोलंबियाचं 'जीई', ट्विनचं 'एफटी'. घरोघरच्या सिनेमाच्या आणि भावगीतांच्या रेकॉर्ड याच तीन कुळांतल्या. लेबलं निरनिराळी दिसली तरी १९३१ मध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया या दोन वैरी कंपन्या एक होऊन ईएमआय झाली होती, त्यामुळे मालक एकच. अक्षराच्या पुढचा आकडा चढत जातो. एखाद्या सिनेमाचं साल ठाऊक असलं की त्याच्या गाण्याचा नंबर हा मैलाचा दगड धरायचा, आणि आपली अनोळखी रेकॉर्ड त्याच्या मागे की पुढे ते बघायचं. मी अशा मैलाच्या दगडांची एक वही ठेवली आहे. कंटाळवाणं काम आहे, पण पावसाळ्यात बरं पडतं.

लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जी मोकळी काळी पट्टी असते, तिथे तिरप्या उजेडात बघितलं तर आणखी खुणा दिसतात. १९२५ पर्यंत कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि आवाजाच्या जोरावर सुई हलायची. मग मायक्रोफोन आला. कंपनीने विजेवर टिपलेल्या तबकड्यांच्या नंबरापुढे छोटा त्रिकोण कोरायला सुरुवात केली. ती अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकची पद्धत होती आणि तिचे पैसे मोजावे लागायचे. १९३१ च्या सुमारास अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंजिनिअरने घरचीच पद्धत काढली आणि त्रिकोणाच्या जागी चौकोन आला. कोलंबियावर याच कामासाठी वर्तुळातलं अक्षर असतं. भिंग लागतं, पण एक त्रिकोण सापडला की १९२५ च्या अलीकडे याल आणि तीसच्या दशकाच्या सुरुवातीशी थांबाल. सहा-सात वर्षांच्या खिडकीत एका छोट्या आकृतीने आणून बसवणं ही काही थोडकी गोष्ट नाही.

इंग्लंडात दाबलेल्या एचएमव्हीवर तर याच पट्टीत एक सांकेतिक लिपी आहे. ग्रामोफोन लिमिटेड या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली दहा अक्षरं घेऊन त्यांना एक ते नऊ आणि शून्य असे आकडे दिलेले. रेकॉर्ड कितव्या साच्यातून निघाली ते त्या अक्षरांत लिहायचे. 'जी' एकटं दिसलं तर पहिला साचा. इथे गोळा करणाऱ्यांचे डोळे चमकतात आणि भाव वाढतो, तो वेगळा विषय.

मात्र एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी लागते, नाहीतर सगळी मेहनत वाया. रेकॉर्डला एक साल नसतं. गायक गायला ते एक, रेकॉर्ड पहिल्यांदा बाजारात आली ते दुसरं, आणि हातातली थाळी कारखान्यात दाबली गेली ते तिसरं. लेबल बोलतं ते मुख्यतः तिसऱ्याबद्दल. कारण लेबल नंतर डिंकाने चिकटवत नाहीत. गरम लगद्याच्या वर-खाली कागद ठेवून साचा दाबतात, कागद तिथेच जिरतो. म्हणून ते काढून दुसरं लावता येत नाही आणि म्हणून त्याच्यावर विश्वास टाकता येतो. कारखान्यात उरलेली जुनी लेबलं संपवायची पद्धत सगळीकडेच असते, तेवढी सूट धरायची.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. त्यांनी १९०५ च्या आसपास थोड्या रेकॉर्ड दिल्या, आणि मग उतारवयात, १९३४ ते ३६ मध्ये, ओडियन कंपनीसाठी भरभरून गायले. १९३७ च्या ऑक्टोबरात ते गेले. पुढे त्याच ओडियनच्या रेकॉर्ड कोलंबियाच्या लेबलवर निघाल्या आणि महाराष्ट्रात घरोघरी गेल्या त्या बहुतेक याच. एका सद्गृहस्थांनी मला कोलंबियाची प्लेट दाखवून विचारलं, ही खाँसाहेबांच्या हयातीतली ना? आवाज हयातीतला आहे, थाळी नाही. त्यांना ते आवडलं नाही. त्यांच्या वडिलांनी ती खाँसाहेबांची मैफल ऐकून येताना घेतली होती, अशी घरातली कथा होती. मी फार ताणलं नाही. घरातल्या कथेशी लेबल दाखवून भांडू नये, निदान त्यांच्या हातचा चहा पिताना तरी.

उलट बाजूची फसगतही आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची लाखेची रेकॉर्ड म्हणजे १९५० च्या आधीची, असं इंग्रजी माहिती वाचून लोक ठरवून टाकतात. आपल्याकडे चावीचे फोनो गावोगाव होते, वीज नव्हती, तेव्हा कंपनीने ती थाळी साठच्या दशकातही काढणं चालू ठेवलं. बीटल्सची गाणी कंपनीच्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात अठ्ठ्याहत्तरवर निघाली आणि आज परदेशातले लोक त्यांच्यासाठी वेडे होतात. विलायतेचा तक्ता इथल्या रेकॉर्डला लावायचा नाही, हे एवढ्यावरूनही पटावं.

देशी कंपन्यांबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा आहे, हे कबूल करतो. १९३५ मध्ये मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली, वडाळ्याला कारखाना, आणि लेबलचं नाव 'यंग इंडिया'. हे नाव त्या वर्षांत का सुचलं ते सांगायला नको. १९५५ च्या सुमारास सगळं आटोपलं. म्हणजे 'यंग इंडिया' दिसलं की वीस वर्षांची चौकट आयती मिळते. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नसतं असे हौशी गायक, कीर्तनकार, नकलाकार यांना या लोकांनी जागा दिली. त्यातल्या कित्येकांचं नाव आज या लेबलाखेरीज कुठे सापडत नाही. या गोष्टींचा माग ठेवणारी मंडळीही इथलीच. सुरेश चांदवणकर आणि इतरांनी १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली, ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियरने कंपनीच्या जुन्या नोंदी धुंडाळून याद्या केल्या. आम्ही त्यांच्या तयार पिठाच्या पोळ्या लाटतो.

एलपी आणि तिची धाकटी बहीण ईपी यांच्या काळात चित्रं कमी बदलली, पण कायद्याने आणि सरकारने लेबलवर खुणा सोडल्या. मला या खुणा सगळ्यात प्रिय आहेत, कारण त्या कुणी कलेसाठी केल्या नाहीत. ग्रामोफोन कंपनी भारतात १९४६ मध्ये रीतसर नोंदली गेली. १९५६ चा कंपनी कायदा आला आणि खाजगी कंपन्यांना नावात 'प्रायव्हेट' लिहिणं भाग पडलं. १९६८ मध्ये कंपनी सार्वजनिक झाली आणि तो शब्द गळला. तेव्हा कंपनीच्या पूर्ण नावात 'प्रायव्हेट' दिसला की बारा वर्षांत अडकवता येतं. 'मोनो' हा शब्दही तसाच. स्टीरिओ १९५८ मध्ये बाजारात येईपर्यंत मोनोला मोनो म्हणायची कुणाला गरज नव्हती. वर्तुळातलं 'पी' आणि त्यापुढे साल, हे सत्तरच्या दशकात दिसू लागतं; पण ते पहिल्या प्रकाशनाचं साल असतं, थाळी दाबल्याचं नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्याने पहिल्या प्रकाशनाचं साल छापणं सक्तीचं केलं ते १९८४ च्या दुरुस्तीने. तोवर कॅसेट आली होती आणि रेकॉर्डचं दुकान उठायच्या बेतात होतं. इतकी वर्षं आम्हाला छळून शेवटी सरकारने साल छापायला लावलं, ते असं.

पाकिटावरच्या खुणा आणखी मजेदार, फक्त पाकीट बदलू शकतं हे लक्षात ठेवून वाचायच्या. दुकानदाराने शिक्का मारून किंमत लिहिलेली असते. आणे दिसले तर एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'न. पै.' दिसलं तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ पासून पैशामागचा 'नया' सरकारनेच काढून टाकला. दुकानाचा पत्ता 'मुंबई ४' असा असेल तर जुना, '४००००४' असा सहा आकडी असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, त्या दिवशी पिन कोड आला. जुन्या सातबाऱ्यावरच्या नोंदी वाचाव्यात तसं हे वाचायचं: मूळ मालक एक, वहिवाट दुसऱ्याची, कडेला तलाठ्याचा फेरफार. लेबलच्या मधल्या भोकाभोवती जे पांढरे ओरखडे असतात, त्यावरून ती किती वाजली तेही कळतं. अंधारात, घाईत यंत्राच्या मधला खिळा शोधताना झालेले ते ओरखडे. चकचकीत लेबल आणि करड्या पडलेल्या खाचा असतील तर समजावं, हळू हाताच्या पण कंजूष माणसाची रेकॉर्ड आहे: वाजवायची पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, याने डबी वाचवली.

मागच्या महिन्यात घंटाळीजवळच्या एका इमारतीतून असाच एक ढीग आला. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या, सामान बांधायचं सोडून त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. प्रत्येक रेकॉर्डचं कव्हर काढलं की त्या आधी हकीकत सांगत, मग मी लेबल वाचत असे. बहुतेक ठिकाणी आमचं जमलं. एका सात इंची ईपीवर अडलं. मराठी गाणी, एचएमव्ही, लेबलच्या कोऱ्या जागेत शाईने 'वि. रा.' अशी आद्याक्षरं.

"ही दादाच्या मुंजीत आणलेली. एक्कावन्न साल. मांडवात वाजली होती."

मी म्हटलं, "आजी, एक्कावन्नला या आकाराची रेकॉर्ड आपल्याकडे मिळत नव्हती. आणि हे बघा, कंपनीच्या नावात प्रायव्हेट आहे. छप्पनच्या पुढची."

"कव्हर बदललं असेल. तूच म्हणालास ना मघाशी?"

"हे कव्हरावर नाही, लेबलवर आहे. ते बदलत नाही."

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून डोळ्याजवळ नेली, उलटसुलट केली. "मग दादाची नसेल, बाळूची असेल. त्याची मुंज एकोणसाठची. थांब, त्यालाच विचारू." आणि नातवाला फोन लावायला सांगितला. धाकटे भाऊ पुण्याला असतात, त्यांचा आवाज स्पीकरवर खणखणीत आला. आजींनी गाण्यांची नावं वाचून दाखवली, शाईची अक्षरं सांगितली.

"ताई, ती आपली नाहीच," पुण्याहून उत्तर आलं. "वि. रा. म्हणजे खालच्या मजल्यावरचे मास्तर. माझ्या मुंजीला वाजवायला मागून आणली होती. मास्तर बिचारे वर्षभर मागत होते आणि तू सांगत होतीस की कालच धाकट्याबरोबर पाठवली."

आजींनी नातवाला फोन बंद करायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "पुढची काढ."